गाण्यातून बाहेर गेलेले नाव

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ‘जय जय महाराष्ट्र माझा, गर्जा महाराष्ट्र माझा’ या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला आणि त्या वर्षीच्या १९ फेब्रुवारीपासून, म्हणजे शिवजयंतीपासून, ते शासकीय समारंभांत आणि शाळांच्या परिपाठात वाजू लागले. तेव्हापासून अशा अनेक कार्यक्रमांना मी श्रोता म्हणून बसलो आहे. गीताआधी निवेदक ‘शाहीर साबळे यांच्या आवाजात अजरामर झालेले राज्यगीत’ असे आवर्जून सांगतो. त्या खड्या आवाजाचा मान मोठा आहे आणि तो मिळायलाच हवा. क्वचित एखादा जाणकार निवेदक श्रीनिवास खळे यांनी चाल दिल्याचेही सांगतो. राजा बढे हे नाव मात्र मी त्या व्यासपीठांवरून जवळजवळ ऐकलेलेच नाही. एकदा कार्यक्रम संपल्यावर दहावीतल्या दोन-तीन मुलांना मी विचारले, की हे गाणे लिहिले कोणी? ती एकमेकांकडे पाहू लागली. मग त्यातला एक जण म्हणाला, ‘‘ते पारंपरिक आहे ना?’’

मुलाची चूक नाही. गाणे कोणीतरी लिहावे लागते, ही गोष्टच त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलेली नाही. गीतकाराचे नाव घ्यावे की नाही, हा प्रश्न आपण सौजन्याच्या सदरात टाकतो. वेळ असेल तर घ्यावे, नसेल तर राहू द्यावे. माझे म्हणणे असे आहे, की हा प्रश्न सौजन्याचा नसून गाणे म्हणजे काय याच्या समजुतीचा आहे. शब्द हे संगीताच्या निर्मितीचे अंग आहे असे आपण मनापासून मानत नाही. ते चालीवर चढवलेले कापड आहे, असे आपल्याला वाटते आणि म्हणून ते विणणाऱ्याची आठवण आपल्याला होत नाही.

मराठीत हे नेहमी असे नव्हते. आपल्याकडच्या गाण्यांत लिहिणाऱ्याचे नाव गाण्याच्या पोटातच असे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘दासी जनी’ हे शब्द वगळून अभंग म्हणताच येत नाही, कारण तिथे चरण मोडतो आणि ताल अडखळतो. गावातल्या भजनी मंडळात ज्याला अक्षरओळख नाही असा माणूसही शेवटचे कडवे येताच टाळ थोडे सावरून, आवाज एक पट्टी उंचावून ती मुद्रा, म्हणजे कवीची नाममुद्रा, म्हणतो. जनाबाईंना जाऊन साडेसहाशे वर्षे उलटली. तिच्या नावाची पाटी कोणी लावली नाही, करार कोणी केला नाही, तरी तिचे नाव तिच्या शब्दांपासून कोणाला वेगळे करता आले नाही. हीच रीत शाहिरांच्या लावण्यांत आणि पोवाड्यांत आली. शास्त्रीय संगीताच्या बंदिशींतही ती आहे. ‘सदारंग’ ही मुद्रा अठराव्या शतकातल्या नियामत खाँ यांची, आणि ख्याल गाणारा प्रत्येक जण ती आजही गातो. अगदी अलीकडे, विसाव्या शतकात, वामनदादा कर्डकांनी आपल्या भीमगीतांच्या शेवटच्या ओळीत ‘वामन’ गुंफले. मैफलीच्या फलकावर वामनदादांचे नाव असो वा नसो, गाणाऱ्याला ते घ्यावेच लागते.

मग हे नाव गेले कुठे? साधारण समजूत अशी, की ध्वनिमुद्रिका आली, तिच्यावर गायकाचा आवाज उमटला आणि आवाजाचा धनी तोच गाण्याचा धनी झाला. हे काही अंशी खरे आहे. परंतु मला त्याहून खोलवरचे कारण वेगळे दिसते, आणि ते गीतकाराच्या कामाच्या स्वरूपातच आहे. अभंगातला ‘मी’ हा तुकोबांचा स्वतःचा ‘मी’ आहे, म्हणून त्याखाली त्यांची सही शोभते. नाटकातले पद, चित्रपटगीत आणि भावगीत यांत मात्र कवीने आपला ‘मी’ दुसऱ्याला देऊन टाकलेला असतो. ‘साधी माणसं’ या चित्रपटात लोहाराच्या घरातली बाई ऐरणीच्या देवाला ठिणगी वाहते, तेव्हा त्या गाण्याच्या अखेरीस ‘जगदीश म्हणे’ असे आले तर ती बाई तिथेच नाहीशी होईल. गीतकार जगदीश खेबुडकर बाजूला झाले म्हणून ती उभी राहिली. आधुनिक गीतकाराने मुद्रा सोडली ती अशी, कलेच्या गरजेपोटी, दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द खरे वाटावेत म्हणून. त्याने गाण्याच्या आतली जागा रिकामी केली, तेव्हा गाण्याच्या बाहेर त्याचे नाव राखण्याची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे निवेदकांवर, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांवर, श्रोत्यांवर आली. ती आपण नीट पार पाडलेली नाही.

या कामात जितके यश मोठे तितका लिहिणारा अधिक पुसला जातो, हे शान्ता शेळके यांच्या कोळीगीतांवरून दिसते. ‘मी डोलकर’ किंवा ‘वादळवारं सुटलं गो’ ही गाणी हळदीच्या कार्यक्रमापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सर्वत्र वाजतात आणि बहुतेक ऐकणाऱ्यांना ती कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली लोकगीते वाटतात. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर ते शब्द लिहिणारी बाई पुणे जिल्ह्यातली, मराठीची प्राध्यापक होती. डोल, होडी, वल्हे, दर्याचा वारा यांची भाषा तिने इतकी आपलीशी केली, की त्या भाषेने तिलाच झाकून टाकले. शान्ताबाईंनी पुष्कळ गीते ‘वसंत अवसरे’ या टोपणनावानेही लिहिली, हेही आज फारच थोड्यांना ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. संगीत निर्माण होताना गीतकार नेमके काय करतो? यावर नेहमी ‘आधी शब्द की आधी चाल’ असा वाद निघतो आणि चालीवर लिहिणारा तो कमअस्सल, असा निकाल साहित्यिक मंडळी देऊन मोकळी होतात. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, त्या काळापासून संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘अमुक पदाच्या चालीवर’ अशी नोंद दिसते. म्हणजे आपले नाट्यसंगीत मोठ्या प्रमाणावर आधीच्या चालींवर बांधलेले आहे, आणि त्यामुळे त्याची किंमत कोणी कमी केलेली नाही. त्याहून मागे जायचे तर वृत्त म्हणजे तरी काय? समर्थांनी मनाचे २०५ श्लोक भुजंगप्रयातात रचले, ते एका ठरलेल्या लयीवरच रचले. जात्यावर बसलेल्या बाईने ओवी जुळवली ती जात्याच्या फेऱ्यावर. चाल आधी असणे ही मराठी कवितेची जुनी आणि मानाची परंपरा आहे.

आणि चाल आधी असली तरी शब्द तिला जसेच्या तसे राहू देत नाहीत. हे मला वाचून पटले नसते. एकदा प्रत्यक्ष करताना कळले. माझ्या एका संगीतकार मित्राने फोनवर पेटीवरची एक चाल पाठवली होती, नुसत्या ‘ना ना ना’ वर गुणगुणलेली. मुखड्याच्या ओळीत शेवटचे अक्षर तार षड्जावर होते आणि तिथे चार मात्रांचा ठहराव होता. मी ओळ लिहिली : ‘सांज झाली अंगणात, पेटले दीप’. कागदावर ती मला आवडली होती. मित्राने गाऊन दाखवली आणि ‘दीप’वर थांबला. ‘‘प आला की ओठ मिटतात. चार मात्रा मी कशावर उभा राहू?’’ मी मात्रा तेवढ्याच ठेवून ‘तेवे पणती’ केले. आता शेवट उघडा झाला, पण ईकारावर वरचा सूर आवळला जात होता; गायिका म्हणाली, की तिथे आवाज बारीक होतो, मोकळा लागत नाही. तिला आकार हवा होता. दोन दिवस मी आकारान्त शब्द शोधत होतो आणि सगळे कृत्रिम वाटत होते. शेवटी सुचले ते असे : ‘सांज झाली अंगणात, दिवा लाव ना’.

मात्रा त्याच, आठ. स्वर हवा तसा. परंतु त्या ‘ना’ने आणखी काही तरी करून ठेवले. आतापर्यंत ओळ संध्याकाळचे वर्णन करत होती. आता तिच्यात कोणीतरी कोणाला तरी सांगत होते. कोण, कोणाला? हे ठरवल्याशिवाय अंतरा लिहिता येईना. लिहिता लिहिता तो एक म्हातारा निघाला, आणि ज्या बायकोला तो दिवा लावायला सांगतो ती घरात नव्हती, कधीच नसणार होती. हे शब्द मित्राला दिल्यावर त्याने अंतऱ्याची चाल बदलली. आधी ती वर चढत होती, आता खालच्या सप्तकात घुटमळू लागली. तबला त्याने काढूनच टाकला. ते गाणे पुढे फारसे कोणी ऐकले नाही आणि त्याचे मला दुःखही नाही, पण एका स्वरासाठी शब्द बदलला, शब्दामुळे माणूस आला आणि माणसामुळे चाल बदलली, हा क्रम मी डोळ्यांनी पाहिला. यात संगीत कुठे संपले आणि साहित्य कुठे सुरू झाले, हे मला तरी सांगता येणार नाही.

मराठीत तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे. आपल्याकडे बोलताना शेवटचा अकार गळतो आणि गाताना तो परत येतो; ‘घर’ गाताना ‘घरऽ’ होते आणि जपले नाही तर ‘घरा’ होऊन अर्थच पालटतो. जोडाक्षर समेवर आले तर आघात दणकट होतो, तेच लांबणाऱ्या सुरावर आले तर खड्यासारखे लागते. ‘ळ’ आणि ‘ण’ यांना आपली म्हणून एक गोलाई आहे. संगीतकार यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’चा जो विचार मांडला, त्याचे मर्म गायकाने शब्द नीट उच्चारावेत एवढ्यापुरते नाही, शब्दाच्या अंगातच सूर असतो आणि चाल देणाऱ्याने तो ओळखायचा असतो, असे ते मर्म आहे. मंगेश पाडगांवकरांच्या कवितांना देवांनी आणि खळ्यांनी दिलेल्या चाली ऐकल्या, की बोलताना वाक्य जिथे श्वास घेते तिथेच सूरही श्वास घेतो, हे लक्षात येते. ती श्वासाची जागा कवीने आखलेली असते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. गीतरामायणाचे अनेक भाषांत अनुवाद झाले आणि ते सुधीर फडके यांच्या मूळ चालींवर गायले जातात. मग शब्द बदलूनही गाणे टिकते, याचा अर्थ गाण्याचा प्राण चालीत आहे, असे कोणी म्हणेल. चाल टिकते, हे मान्य. पण त्या अनुवादांत आणखी काय टिकते, ते पाहिले पाहिजे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ही मालिका सुरू झाली आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतांपर्यंत गेली. चोवीस हजार श्लोकांच्या रामायणातून कोणते प्रसंग घ्यायचे आणि, त्याहून अवघड, प्रत्येक प्रसंगी कोणाच्या तोंडून बोलायचे, हे ग. दि. माडगूळकरांनी ठरवले. राम वनाला निघतो, तेव्हा माडगूळकर रामाला गायला लावत नाहीत. अयोध्येचे नागरिक सुमंताला रथ थांबवायला सांगतात. गंगा ओलांडताना नावाडी गातात. सेतू बांधताना वानरांचा मेळा गातो. फडक्यांना समूहस्वर कुठे हवा, एकल स्वर कुठे, लोकसंगीताचा ठेका कुठे आणि संथ राग कुठे, हे या निवडीतून उघड होत गेले. नावाडी गाणार म्हटल्यावर वल्ह्याची लय आलीच. अनुवादकाने शब्द बदलले, पण नावाडी बदलला नाही, रथामागे धावणारी प्रजा बदलली नाही. गीतकाराचे ते काम भाषांतरातही शाबूत राहिले, आणि चालीत मुरल्यामुळे आपण ते चालीचेच समजतो. फडक्यांचे श्रेय यात तिळभरही कमी होत नाही. उलट त्यांनी शब्दांतले हे सगळे ओळखले, म्हणून ते थोर.

समजुतीचा हा घोटाळा कायद्यात उतरला, तेव्हा त्याचे परिणाम पैशांत दिसले. स्वामित्व हक्कांचा कायदा १९५७ चा. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ मध्ये स्थापन झाली. परंतु १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत लिहून घेतले असेल आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर त्या गीताचा पहिला मालक निर्माता ठरतो. गीतकाराला एकरकमी बिदागी मिळाली, की त्याचा संबंध संपला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला माडगूळकर गेले. पुढची पस्तीस वर्षे गीतकारांच्या पिढ्या या निकालाच्या सावलीत लिहीत राहिल्या. त्यांची गाणी रेडिओवर, कॅसेटवर, दूरचित्रवाणीवर आणि नंतर मोबाइलच्या रिंगटोनवर वाजली, आणि त्या वाजण्यातून मिळालेल्या पैशावर बहुतेकांना हक्क सांगता आला नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने हे बदलले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी पोटतिडकीने बाजू मांडली होती. आता गीतकार आणि संगीतकार यांना गाण्याच्या पुढील वापराच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि चित्रपटगृहातले प्रदर्शन वगळता हा हक्क करारातही सोडून देता येत नाही. वारसाला किंवा हक्क-संस्थेलाच तो देता येतो. भारतीय कायद्यातली ही मोठी न्याय्य तरतूद आहे, असे मी मानतो. मात्र हक्क कागदावर असून भागत नाही. वाटपासाठी गाणे नोंदलेले असावे लागते आणि त्या नोंदीत लिहिणाऱ्याचे नाव असावे लागते. जिथे नावच नाही, तिथे वाटा कोणाच्या खात्यावर जाणार? नाव आणि पैसा हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे समजणाऱ्यांनी एवढे एक ध्यानात घ्यावे.

नावाचा हक्कही कायद्यात आहे. कलम ५७ सांगते, की सगळे आर्थिक हक्क दुसऱ्याला दिले तरी ही कृती माझी आहे असे सांगण्याचा लेखकाचा हक्क शिल्लक राहतो. पण त्याच कायद्याचे कलम ५२अ, ध्वनिमुद्रण प्रकाशित करताना त्यावर काय छापावे, हे सांगताना मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, स्वामित्व हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष मागते. गीत ज्याने लिहिले आणि चाल ज्याने बांधली त्यांची नावे त्या यादीत सक्तीची नाहीत. हक्क सांगण्याची मुभा लेखकाला आहे, नाव लिहिण्याचे बंधन प्रकाशकाला नाही. मला वाटते, पुढची दुरुस्ती इथे व्हावी. आज फोनवर गाणे लावले, की पडद्यावर चित्र, गाण्याचे शीर्षक आणि गायकाचे नाव येते; गीतकार पाहण्यासाठी आत शिरावे लागते, आणि तिथे जागा रिकामी सापडण्याचा किंवा दुसऱ्याच कोणाचे नाव सापडण्याचा अनुभव मला वारंवार आला आहे. तंत्राची अडचण यात नाही. आकाशवाणीवर आमच्या पिढीने ‘गीत, संगीत आणि स्वर’ अशी तिन्ही नावे ऐकत ऐकतच गाणी पाठ केली, आणि आज ‘आठवणीतली गाणी’सारखे संकेतस्थळ निष्ठेने हजारो गाण्यांपुढे ती तिन्ही नावे नोंदवते आहे. प्रेमापोटी जे होऊ शकते, ते व्यवसाय करणाऱ्यांकडून कायद्याने अपेक्षिणे गैर नाही.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. सुगम संगीताच्या कार्यक्रमांत, वाद्यवृंदांत, दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धांत ‘मूळ गायक’ सांगण्याची प्रथा पडली तशी ‘मूळ कवी’ सांगण्याची पाडता येईल. शासनाने राज्यगीतापासून सुरुवात करावी, कारण तिथे त्याला कोणाची परवानगी लागत नाही. गीत १ मिनिट ४१ सेकंदांचे आहे. त्याआधी तीन नावे घ्यायला पाच सेकंदही लागत नाहीत.

त्या दहावीच्या मुलांचा प्रसंग मी तिथल्या एका मराठीच्या बाईंना सांगितला होता. पुढच्या महाराष्ट्र दिनाला त्याच शाळेत गेलो, तेव्हा ध्वजवंदनानंतर सातवीतली एक मुलगी ध्वनिक्षेपकापुढे आली. तिने कागद आणलेला नव्हता. ‘‘राज्यगीत. गीत : राजा बढे, संगीत : श्रीनिवास खळे, स्वर : शाहीर साबळे,’’ असे ती म्हणाली. ‘बढे’मधला ढ तिने चांगला ठसठशीत उच्चारला, आणि मग मागे सरून रांगेत उभी राहिली.